बाटलीवरची आई

आमच्या घरी उन्हाळ्यापुरतं एक तेल व्हायचं. केसांचं नव्हे, न्हाण्याचंही नव्हे. अंघोळ झाली, अंग कोरडं केलं, की लावायचं वासाचं तेल. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत चैत्राच्या सुमाराला बायका आईला आमच्या त्या जुन्या, तमिळ हेल लागलेल्या मराठीत विचारायच्या, "मधाचं तेल घातलंस का गे?"

घाण्यावरचं तिळाचं तेल, त्यात वाळ्याची मुळं, मरवा, कापूरकाचरी, थोडा नागरमोथा आणि सावलीत सुकवलेला दवणा. त्याला आम्ही बाजारातल्यासारखं मरिकोळुंदुच म्हणायचो. हे सगळं बरणीत घालून तोंडाला फडकं बांधायचं आणि गच्चीवर उन्हात ठेवायचं. डोंगराकडून मध विकायला येणाऱ्या माणसाकडून आई अख्खं पोळं घ्यायची. मध गळून गेला की उरलेलं पोळं त्या तेलात मंद आचेवर विरघळवायची. मेणानं तेल दाट व्हायचं आणि पोळ्याचा वास त्यात उतरायचा. नुसता गोड नव्हे तो. थोडा धुरकट, थोडा आंबूस, फुलं वाळत घातलेल्या खोलीसारखा. शेवटी मलमलीतून गाळायचं. गाळताना घाई केली तर मधाचा अंश राहतो आणि बाटलीला मुंग्या लागतात.

लावायचीही रीत होती. करंगळीचं टोक बुडवून मनगटावर, कोपराच्या घडीत, कानामागे आणि गळ्याखालच्या खळग्यात एकेक टिपका. मी चोळायला लागले की आई हात धरायची. "चोळू नको. नुसतं ठेव. अंगाच्या उबेनं तेच उठतं." आणि ते खरंच उठायचं, पण प्रत्येकाच्या अंगावर निराळं. माझ्या हाताला दवण्याचा वास यायचा. बाबांच्या मानेला वाळ्याचा. आईच्या अंगावर मात्र बाकी सगळं मागे पडून पोळं तेवढं पुढे यायचं. दुपारी ती माझ्या शेजारी आडवी झाली की पंख्याच्या वाऱ्याबरोबर तो वास यायचा आणि मला झोप लागायची.

बाबा शाळेत गणित शिकवायचे. मी नववीत असताना ते गेले. सकाळी शाळेत गेले आणि दुपारी त्यांना रिक्षातून आणलं. त्या उन्हाळ्यात आईनं तेल केलं, पण स्वतःला लावलं नाही. तिला कुणी लावू नको म्हटलं नव्हतं. मी एकदा बोट तिच्या मनगटाकडे नेलं, तेव्हा तिनं हात पदरात घेतला. म्हणाली, "तू लाव. मला तुझ्या अंगावरचा पुरतो."

बाबांच्या मागे आमचं बघणारं माणूस म्हणजे मामा. आईचा धाकटा भाऊ. आजी लवकर गेल्यामुळे आईनंच त्याला वाढवलं होतं. तो आईला अक्का म्हणायचा. तमिळमध्येही अक्का, आमच्यातही अक्काच. तो कुंभकोणमला राहायचा आणि औषधांच्या एका कंपनीची बॅग घेऊन मोपेडवरून गावोगाव फिरायचा. बाबांच्या पेन्शनच्या खेपा त्यानं घातल्या, मला कॉलेजात त्यानं घातलं, आणि घराचं छप्पर गळायला लागलं तेव्हा माणसं घेऊन तोच आला. मला तो फार आवडायचा. मोपेडचा आवाज आला की मी धावत ओट्यावर जायचे. तो डोळे मिटून हवा हुंगायचा आणि म्हणायचा, "कोण आलं? मरिकोळुंदूचं शेत आलं वाटतं."

ते दिवस बदलाचे होते. गल्लीवरून केबलच्या वायरी गेल्या होत्या. किराण्याच्या दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. मामा म्हणायचा, "अक्का, आता माणसांना सगळं बाटलीत पाहिजे. आणि बाटलीवर चित्र पाहिजे." एकदा त्यानं आईला स्पष्टच विचारलं, की तेल विकूया का. आई हसली.

"नको रे. मला झेपायचं नाही. आणि दुकानात ठेवलं की ज्याला लावायचं ते माणूस आपल्याला दिसत नाही."

"सरि, सरि, बरं," मामा म्हणाला. विषय तिथेच संपला असं आम्हाला वाटलं.

त्या वर्षी मात्र तेल होताना तो तीन-चारदा येऊन गेला. एरवी गच्चीवरच्या उन्हात दोन मिनिटं न थांबणारा मामा आईशेजारी पाटावर बसून कापूरकाचरी कुटत होता. किती घालायची, आधी काय, मागून काय, विचारत होता. आईला किती बरं वाटलं होतं. "लहानपणी अस्साच बसायचा माझ्याजवळ," ती मला म्हणाली. तिनं त्याला सगळं सांगितलं. लपवायचं होतंच काय त्यात?

त्याच दिवसांत त्यानं फोटो मागितला.

आमच्या पुढच्या खोलीत आई-बाबांचा एकच एकत्र फोटो होता. लग्नानंतर स्टुडिओत जाऊन काढलेला. बाबा खुर्चीवर ताठ बसलेत, डोक्यावर टोपी. आई बाजूला उभी, नऊवारी नेसलेली, नाकात नथ, आणि तिचा उजवा हात खुर्चीच्या पाठीवर. त्या दिवशीही तिनं ते तेल लावलं होतं. फोटोग्राफरनं हलू नका म्हटल्यावर बाबा ओठ न हलवता पुटपुटले होते, "मुंग्या आल्या तर हलावंच लागेल." म्हणून फोटोत आईच्या चेहऱ्यावर दाबलेलं हसू आहे. ही गोष्ट तिनं मला कितीतरी वेळा सांगितली होती.

"काचेच्या आत बुरशी धरतेय बघ," मामा म्हणाला. "दे मला. कुंभकोणमला एक जण आहे, मोठा करून, रंग भरून देतो. भावोजींच्या श्राद्धाच्या आत आणतो."

आईनं स्वतः स्टुलावर चढून फोटो काढला. काच पुसली. धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून त्याच्या हातात दिला. भिंतीवर चौकोनी पांढरी खूण राहिली.

श्राद्ध झालं. फोटो आला नाही. रंग भरणारा आजारी आहे, मग तो गावाला गेलाय, मग काम चांगलं व्हायचं तर वेळ लागणारच, असं मामा सांगत राहिला. आई म्हणायची, "घाई करू नको त्याला. एवढ्या कामात लक्षात ठेवतोय हेच पुष्कळ." मामाचं येणंही कमी झालं. त्यानं कंपनी सोडून मद्रासच्या एका भागीदाराबरोबर काहीतरी धंदा काढलाय, एवढं कानावर आलं होतं.

मी तेव्हा बसनं कुंभकोणमच्या कॉलेजात जायचे. पुढच्या उन्हाळ्यात परीक्षेचे दिवस होते. वाटेत पापनाशमला एक मुलगी चढायची. माझ्याच वर्गातली, परकरावर दावणी, म्हणजे अर्धी साडी नेसलेली, केसांत नेहमी ताजा गजरा. एका पेपरच्या दिवशी ती शेजारी येऊन बसली आणि मला कसलातरी वास आला. ओळखीचा, पण बिघडलेला, जसं आपलं गाणं कुणी चुकीच्या सुरात म्हणावं. वाळा होता, पण वरवरचा. आणि गोडवा होता तो रावळगावच्या गोळीसारखा.

"काय लावलंस?" मी विचारलं.

तिनं मनगट माझ्या नाकाशी धरलं. "नवीन आलंय. मध आणि मुळांचं. तुमच्या तंजावूरचंच आहे की, राजघराण्यातलं." आणि पिशवीतून तिनं बाटली काढून दिली.

लेबलवर माझी आई होती.

रंग भरलेला होता, साडी हिरवी केली होती, गाल गुलाबी. पण नथ तीच, दाबलेलं हसू तेच. वर तमिळमध्ये कुठल्याशा राणीचं नाव. बाबा नव्हते. खुर्चीही नव्हती. आईचा उजवा हात जिथे खुर्चीच्या पाठीवर होता, तिथे एक पिवळं मडकं काढलं होतं, काठावरून मध ओघळणारं. आई त्या मडक्यावर हात ठेवून हसत होती.

"सुंदर आहे ना राणी?" मैत्रीण म्हणाली.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? बसभर मुली होत्या. त्यांच्यात मी कुठून सुरुवात करणार होते? पेपर कसा लिहिला आठवत नाही. परत येताना स्टँडसमोरच्या दुकानात गेले. काउंटरवर त्याच बाटल्यांची उतरंड होती. एक घेतली.

आई तांदूळ निवडत बसली होती. मी बाटली तिच्या हातात दिली. तिनं ती लांब धरून पाहिली, मग जवळ आणली.

"ही मी," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"हे कुठे आहेत?"

मला रडू फुटलं. ती रडली नाही. मडक्यावर अंगठा फिरवून बघत होती, जणू खाली काही लागेल. मग तिनं बूच उघडलं आणि करंगळीनं एक टिपका स्वतःच्या मनगटावर ठेवला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. आम्ही दोघी वाट बघत बसलो. ऊब लागली, पण काही उठलं नाही. जो वास होता तो तेवढाच राहिला आणि थोड्या वेळानं त्याखालून रॉकेलसारखं काही यायला लागलं. कातडी लाल झाली. मी पाणी आणायला उठले तर म्हणाली, "राहू दे. त्याला दाखवते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही कुंभकोणमला गेलो. मामाच्या पुढच्या खोलीत खोक्यांची रास होती. मामीनं कॉफी आणली आणि आमच्याकडे न बघता आत गेली. मामा बाहेरून आला. आईला बघून आधी त्याचा चेहरा पडला, मग तो एकदम मोठ्यानं बोलायला लागला.

"अक्का! मीच येणार होतो सांगायला. तुला चकित करायचं होतं. त्रिचीपर्यंत माल जातो आता. घरोघरी तू पोचलीस!"

"फोटो दे," आई म्हणाली.

"बस तरी. कॉफी घे."

"फोटो दे माझा."

तो आत गेला आणि एक तपकिरी पाकीट घेऊन आला. आईनं ते उघडलं. आत ती एकटी होती. कडा सरळ कापलेली. तिचा हात मनगटापर्यंत होता आणि बोटं नव्हती. बोटं खुर्चीबरोबर गेली होती. लेबलवरची बोटं कुणीतरी नव्यानं काढलेली होती.

"दुसरा भाग?"

"प्रेसमध्ये राहिला अक्का. मी गेलो होतो मागून विचारायला. केर काढताना..." तो थांबला. "मिळाला नाही."

"कात्री कुणी लावली?"

मामानं एक खोकं उचलून दुसऱ्यावर ठेवलं.

"तुला विचारते. प्रेसवाल्यानं?"

"मीच," तो म्हणाला. "तिथल्या टेबलावर. तो म्हणाला दोघं असले तर लेबलात बसत नाही. मला वाटलं, मागून जोडून घेऊ. अक्का, भावोजींचा अपमान करायचा म्हणून नाही गे केलं."

आईनं मनगट पुढे केलं. लाल चट्टा अजून होता. "यात पोळं नाही."

"पोळं कुठून आणू एवढं? एसेन्स आहे. मद्रासचा भागीदार म्हणतो, लोकांना कळत नाही."

"तू माझ्याजवळ बसून कुटत होतास," आई म्हणाली. "मला वाटलं, तुला बसायचं होतं."

मामा चिडला. "भावोजी गेल्यावर कोण आलं होतं तुमच्या दारात? त्यांचे भाऊ आले? सगळं मी केलं. एक फोटो घेतला तर एवढं?"

मी त्याच्याकडे बघत होते. त्यानं केलेलं सगळं खरं होतं. छप्पर, पेन्शन, माझं कॉलेज. आणि ते त्यानं असं एका वाक्यात बाहेर काढल्यावर त्यातलं काहीच आमचं राहिलं नाही. आई उठली. पाकीट तिनं घरून आणलेल्या टॉवेलात गुंडाळलं, निघताना मामीला हाक मारून "येते" म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

लेबलं बदलली नाहीत. छापून झाली होती. गल्लीत बायकांनी आईचं कौतुक केलं, काहींनी हसून 'राणीबाई' म्हणायला सुरुवात केली. आईनं पुढच्या चैत्रात थोडं तेल केलं आणि नेहमीच्या घरांत पाठवलं, तर एका घरातून ते परत आलं. मामाच्या बाटलीतल्या तेलानं त्यांच्या सुनेच्या मानेवर पुरळ उठलं होतं. "हे तेच ना, तुमचं?" असं त्यांनी विचारलं. आईनं बरणी धुवून उलटी ठेवली. त्यानंतर तिनं ते तेल केलं नाही. मी करू का, म्हणून विचारलं तेव्हा म्हणाली, "नको. वास तोच येईल, पण आता तो कुणाला खरा वाटेल?"

मग एक दिवस बाबांचे थोरले भाऊ आले. ओट्यावर उभं राहूनच बोलले, आत आले नाहीत. "आमच्या भावाला कापून टाकलंत आणि स्वतः बाजारात उभ्या राहिलात. नवरा गेला की त्याला असं पुसून टाकतात?"

मी पुढे होऊन सगळं सांगणार होते. आईनं मला हातानं मागे सारलं.

"फोटो मीच दिला," ती म्हणाली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मीच दिला," ती पुन्हा म्हणाली. मामाचं नाव तिनं घेतलं नाही. काका निघून गेले आणि पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. त्या दिवशी मी आईवर ओरडले. त्याच्यासाठी तू हे अंगावर का घेतलंस? बाबांच्या माणसांना असं का वाटू दिलंस? ती केरसुणी घेऊन ओटा झाडायला लागली. बाटली हाती आल्यापासून मी मनात एकच धरून होते, की निदान आम्ही दोघी एका बाजूला आहोत. त्या दिवसापासून मला तीही खात्री राहिली नाही.

मामाचा धंदा फार टिकला नाही. मोठ्या कंपन्यांच्या बाटल्या आल्या, टीव्हीवर त्यांच्या जाहिराती आल्या, आणि भागीदार मद्रासला निघून गेला. मामानं मग केबलचं काम धरलं. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी, कनूला, बहिणी भावांसाठी कावळ्यांना रंगीत भाताच्या मुदी ठेवतात. त्या वर्षी आई पहाटे गच्चीवर गेली आणि हळदीच्या पानावर मुदी ठेवून आली. मी बघत होते. दुपारी मामा आला. ती त्याच्याशी फारसं बोलली नाही, पण पान वाढलं. मी आतल्या खोलीत बसून राहिले.

माझं लग्न त्यानंतर दोन-तीन वर्षांनी झालं, तंजावूरलाच. आमच्यात माळा घालताना मामानं भाचीला धरून पुढे न्यायचं असतं. आईनं आदल्या दिवशी मला सांगितलं, "तो उभा राहील." मी म्हटलं, नाही. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. सकाळी मामा नवं धोतर नेसून मंडपाच्या कडेला येऊन थांबला होता. केस पिकले होते. मी त्याच्यासमोरून एकटीच चालत गेले. भटजी गडबडले, सनईवाला क्षणभर थांबला, आणि मग सगळं पुढे चालू झालं.

मामा जेवणाच्या शेवटच्या पंगतीला बसला. नंतर बायका मला पाठवणीच्या साडीत तयार करत होत्या तेव्हा कुणीतरी आईला शोधत आलं. ती स्वयंपाकघरात नव्हती, गच्चीवर नव्हती, शेजारीही नव्हती. माझ्या सासूबाई दोनदा विचारून गेल्या. मुहूर्त टळायला आला होता.

मग ती दारातून आली. उन्हातून चालत आल्यामुळे चेहरा लाल, पायात चपला, पदरानं मान पुसत होती. ती त्याला सोडायला स्टँडवर गेली होती. घरात माणसं भरलेली असताना, मी निघायची वेळ झालेली असताना, ती भावाबरोबर बसची वाट बघत उन्हात उभी होती.

माझ्याकडे येऊन तिनं माझ्या कपाळावरचं कुंकू नीट केलं.

"बस उशिरा आली," एवढंच म्हणाली.